मेडल मिळालं, मेडल हुकलं, आणि मग घरी काय? स्केटिंगवाल्या मुलांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

गेली नऊ वर्षं लेकीच्या मागे पुण्यातल्या रिंकवर पहाटे साडेपाचला उभी असते. क्वाडपासून (दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे स्केट्स) सुरू झालं, मग इनलाइन (सगळी चाकं एका रांगेत), मग डिस्ट्रिक्ट, स्टेट, दोनदा नॅशनल. टेक्निकचं काही विचारायचं तर कोच असतात, पण मेडल हुकल्यावर पोराशी कसं वागायचं हे विचारायला कोणी नसतं, मग नवीन पालक मला गेटपाशी गाठून विचारतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढावं. मी मानसोपचारवाली नाही, आई आहे, आणि स्केटिंग मग ते रस्त्यावरचं असो की बर्फावरचं, वेड्यासारखं बघते.

फायनलला चौथी आली, रडायची थांबतच नाहीये. मी काय बोलू?

पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच बोलू नका. खरंच सांगते. पाणी द्या, स्केट्स काढायचे असतील तर लेस सोडवायला हात लावा, काढायचे नसतील तर राहू द्या. "जाऊ दे गं, पुढच्या वेळी मिळेल" हे आपण आपल्याच जिवाला बरं वाटावं म्हणून बोलतो, तिला त्यात एवढंच ऐकू येतं की माझं जे गेलं ते आईला किरकोळ वाटतंय.

माझी लेक अकरा वर्षांची असताना स्टेटला पाचशे मीटरमध्ये चौथी आली, तिसरीच्या आणि तिच्यामध्ये फार तर एका चाकाचं अंतर. मी शोधत शोधत गेले तर पार्किंगच्या मागे पायरीवर बसलेली, अंगात तसाच स्किन सूट, हेल्मेट बाजूला, आणि उजव्या स्केटचं पुढचं चाक बोटाने फिरवतेय. थांबलं की परत फिरवायची. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आई, थोडं थांब ना." थांबले. आदल्या रात्री आम्ही दोघींनीच पेट्रोलमध्ये धुतलेली बेअरिंग होती ती, त्यामुळे चाक मस्त लांबपर्यंत फिरत होतं, सर्रर्र आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तीच बोलली, "शेवटच्या टर्नला मी बाहेरून गेले." एवढंच. म्हणजे तिला कळलेलं होतं, ते मी सांगायची काहीच गरज नव्हती. मी त्या दिवशी आधी बोलले असते तर ते वाक्य तिच्या तोंडून कधी आलंच नसतं.

सिल्व्हर मिळालेला मुलगा तोंड पाडून उभा, आणि ब्राँझवाला नाचतोय. हे उलटं कसं काय?

उलटं नाहीये, अगदी सरळ आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे लोकांना दाखवून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, १९९५ मध्ये ते छापून आलं, आणि त्यात ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा खुश दिसले. कारण सिल्व्हरवाला वर बघतो, गोल्ड थोडक्यात गेलं म्हणून, आणि ब्राँझवाला खाली बघतो, आपण थोडक्यात वाचलो नाहीतर चौथे होतो म्हणून.

बर्फावरचं सगळ्यात ठळक उदाहरण २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकचं. रशियाची अलेक्झांड्रा त्रुसोव्हा, सतरा वर्षांची पोर, तिने एकाच फ्री स्केटमध्ये, म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या दुसऱ्या, मोठ्या फेरीत, हवेत चार-चार गिरक्यांच्या पाच उड्या मारल्या, ऑलिंपिकमध्ये असं आधी कुठल्याच बाईने केलं नव्हतं, फ्री स्केटमध्ये सगळ्यात जास्त मार्क तिलाच, आणि टोटलमध्ये मात्र सिल्व्हर. तिचे २५१.७३, गोल्डवालीचे २५५.९५. कॅमेऱ्यासमोर ती हमसून हमसून रडत होती, सगळ्यांकडे गोल्ड आहे माझ्याकडेच नाही, मला हा खेळच नको, अशा अर्थाचं बोलत होती. लोकांनी तिला उद्धट म्हटलं. मला नाही पटलं ते. सतरा वर्षांच्या मुलीने आपलं सगळं ओतलं आणि ते पुरलं नाही, तर ती रडणारच ना. आणि त्याच स्पर्धेत ब्राँझ मिळालेली जपानची काओरी साकामोतो, ती पण रडली, पण आनंदाने.

ती हांगझोऊची रेस सगळे सांगतात, तिथे नक्की काय झालं होतं?

ही गोष्ट प्रत्येक स्केटिंगवाल्या घरात माहीत असायला पाहिजे, कारण त्यात आपली पोरं पण आहेत आणि ते बरेच जण विसरतात.

२ ऑक्टोबर २०२३, चीनमधल्या हांगझोऊचे एशियन गेम्स, चाकांवरच्या स्केटिंगची पुरुषांची ३००० मीटर रिले. शेवटच्या लॅपला कोरिया पुढे, त्यांचा जंग चोल-वॉन फिनिशला येतोय, आणि रेषेच्या जरासं आधी त्याने अंग सरळ केलं आणि दोन्ही हात वर केले, जिंकलो म्हणून. मागून तैवानचा हुआंग यू-लिन वाकलेलाच होता, त्याने रेषेवर डावा पाय जेवढा पुढे जाईल तेवढा ताणून टाकला. इनलाइनमध्ये पुढच्या स्केटचं चाक आधी रेषेवर कोणाचं ते बघतात, हात कोणाचे वर आहेत ते नाही. कोरियाची मुलं झेंडा घेऊन फिरायला लागली होती, आणि मग बोर्डवर निकाल आला. तैवान ४:०५.६९२, कोरिया ४:०५.७०२. एका सेकंदाचा शंभरावा भाग.

कोरियात एशियन गेम्सचं गोल्ड मिळालं की सक्तीच्या सैनिकी सेवेतून सूट मिळते, म्हणजे त्या शंभराव्या भागात नुसतं मेडल गेलं नाही, टीममधल्या पोराच्या आयुष्यातला दीड-दोन वर्षांचा हिशोब गेला. जंगने नंतर जाहीर माफी मागितली, शेवटपर्यंत पूर्ण जोर लावला नाही, लवकर ढिला पडलो, असं कबूल केलं. टीममेटच्या डोळ्याला डोळा कसा दिला असेल त्याने, याचा विचार करून माझ्या पोटात आजही कालवतं.

आणि ती पोडियम डोळ्यासमोर आणा. सिल्व्हरवर पडलेले चेहरे. आणि तिसऱ्या पायरीवर भारत! आर्यनपाल सिंग घुमान, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे, विक्रम इंगळे. यातले कांबळे आणि इंगळे आपल्या महाराष्ट्राचे. आपला टाइम ४:१०.१२८, म्हणजे कोरियाच्या चार-साडेचार सेकंद मागे, आणि आपली पोरं आनंदाने वेडी झालेली. घड्याळ बघितलं तर कोरिया आपल्यापेक्षा खूपच फास्ट, पण चेहरे बघितले तर कोण जिंकलं ते ओळखता येणार नाही. त्याच दिवशी आपल्या मुलींनी पण रिलेचं ब्राँझ आणलं, संजना बथुला, कार्तिका जगदीश्वरन, हीरल साधू, आरती कस्तुरी राज. त्या दिवशी आमच्या रिंकवर पेढे वाटले होते.

अजून एक. तोच हुआंग, काही दिवसांनी तैवानच्या राष्ट्रीय स्पर्धेत १००० मीटरच्या फायनलला, त्याने स्वतः रेषेच्या आधी हात वर केले आणि ०.०३ सेकंदाने गोल्ड घालवलं. ज्याने जगाला हा धडा दिला त्याच्याच बाबतीत! त्यामुळे तुमच्या बारा वर्षांच्या मुलाकडून झालं तर त्याला मूर्ख म्हणू नका, आनंद अंगात शिरला की हात आपोआप वर जातात.

मग ही सवय कशी मोडायची?

कोच सांगतील ते करा. आमच्याकडे फिनिशच्या पुढे पाच मीटरवर प्लॅस्टिकचा शंकूसारखा कोन ठेवतात आणि रेस त्या कोनापर्यंत असं सांगतात. एवढंच.

दुसऱ्याने धक्का दिला, माझा मुलगा पडला, मेडल गेलं. त्याचा राग जातच नाही.

राग खरा आहे, येऊ द्या. प्रोटेस्टची, म्हणजे निकालावर तक्रार करायची, वेळ ठरलेली असते आणि ती फार थोडी असते, त्या वेळेत मॅनेजरकरवी जे करायचं ते करा, पण मुलासमोर रेफरीला शिव्या घालू नका. आमच्या लेकीला एकदा डिसक्वालिफाय केलं होतं, माझ्या मते शंभर टक्के चुकीचं होतं, मी तिच्यासमोर तासभर तेच बोलत राहिले, आणि नंतर सहा महिने ती कुठल्याही रेसला पॅकमध्ये, म्हणजे स्केटर्सच्या घोळक्यात, शिरायलाच घाबरायची, परत डीक्यू होईल म्हणून. माझं बोलणं तिच्या पायात अडकलं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरे पडले म्हणून माझी मुलगी जिंकली, आता सगळे "नशीब" म्हणतात आणि तिलाच मेडल घालायला लाज वाटतेय.

तिला स्टीव्हन ब्रॅडबरीची गोष्ट सांगा. ऑस्ट्रेलियाचा शॉर्ट ट्रॅक स्केटर, म्हणजे बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवर सगळे एकत्र धावतात ती रेस. २००२ चं सॉल्ट लेक सिटी, १००० मीटर फायनल, हा सगळ्यात मागे, आणि शेवटच्या वळणावर पुढचे चारही जण एकमेकांत अडकून पडले आणि हा उभा राहून रेष ओलांडून गेला. दक्षिण गोलार्धातल्या देशाचं विंटर ऑलिंपिकमधलं पहिलं गोल्ड. त्याचा चेहरा बघा, हात वर करू की नको अशी अवस्था होती त्याची.

पण त्याच्या मागचं लोकांना माहीत नसतं. १९९४ मध्ये एका रेसमध्ये दुसऱ्याचं ब्लेड मांडीत घुसलं, १११ टाके, चार लिटर रक्त गेलं. २००० मध्ये मान मोडली. डॉक्टर म्हणाले पुरे आता, तरी तो परत आला. त्याने नंतर सांगितलं की हे मेडल मी त्या दीड मिनिटासाठी नाही, आधीच्या दहा-बारा वर्षांसाठी घेतोय. तुमच्या मुलीला विचारा, पहाटे रिंकवर कोण येत होतं? हीट, म्हणजे सुरुवातीची फेरी, कोणी काढली, सेमी कोणी काढली? मग घाल म्हणावं गळ्यात.

गोल्ड मिळालं आणि ती गप्पच झाली, म्हणते काहीच वाटत नाहीये. काही बिनसलंय का?

बहुतेक वेळा नाही. सहा-आठ महिने डोक्यात एकच गोष्ट असते, ती झाली की डोकं एकदम रिकामं. वर जी बीजिंगची फायनल सांगितली ना, ती जिंकलेली आन्ना श्चेरबाकोव्हा आठवा. एकीकडे त्रुसोव्हा रडतेय, दुसरीकडे डोपिंगच्या वादात सापडलेली पंधरा वर्षांची कामिला वालिएव्हा पुन्हा पुन्हा पडून चौथी येऊन रडतेय, सगळे त्या दोघींभोवती, आणि ऑलिंपिक चॅम्पियन एकटी, हातात खेळणं धरून उभी. तिने नंतर बोलून पण दाखवलं की आनंद आहे पण आत पोकळ वाटतंय. मला त्या संध्याकाळचं सगळ्यात जास्त वाईट तिचंच वाटलं.

तर जबरदस्तीने केक कापायला लावू नका. दोन-चार दिवसांत आनंद येतो मागून, कधी कधी शाळेत कोणी टाळ्या वाजवल्या की येतो. तीन-चार आठवडे झाले आणि जेवण, झोप, मित्रमैत्रिणी कशातच मन लागत नसेल तर मात्र चांगल्या सायकॉलॉजिस्टकडे न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाने पोडियमवरच मेडल काढून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फ्रान्सच्या फिगर स्केटर सुर्या बोनालीने १९९४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला, जपानमध्ये, हेच केलं होतं. युका सातोला गोल्ड, हिला सिल्व्हर, मार्क अगदी थोडक्यात कमी, ती आधी पोडियमवर चढेना आणि नंतर मेडल गळ्यातून काढलं, डोळ्यात पाणी. पुढे वर्षानुवर्षं लोक तिला त्यावरून बोलत राहिले. आज तिच्याकडे बघायची नजर पुष्कळ बदललीये.

मुलाला त्याच दिवशी ओरडू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे एकच सांगा, तुझ्या शेजारी उभा होता त्याचा पण तो दिवस होता. रड, हसू नकोस, फोटोत तोंड पाडून उभा राहा, चालेल, पण त्याच्या दिवसावर पाय नको. माझ्या लेकीला हे लगेच पटलं होतं, कारण ती स्वतः एकदा जिंकली होती आणि दुसरी आलेली मुलगी हात न मिळवता निघून गेली होती.

आमची मुलगी आर्टिस्टिकला आहे. तिथे टाइम नसतो, मार्क असतात. ते हरणं वेगळं असतं का?

हो, आणि माझ्या मते जास्त जड असतं. घड्याळाशी भांडता येत नाही, जजशी मनातल्या मनात रोज भांडता येतं. बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये मार्क येईपर्यंत जिथे बसवतात त्या बाकाला सगळे "किस अँड क्राय" म्हणतात, यातच सगळं आलं.

तिला माओ आसादाचा २०१४ चा सोची ऑलिंपिकचा किस्सा सांगा. जपानची लाडकी, २०१० ला सिल्व्हर, यंदा गोल्ड आणणार म्हणून सगळा देश बघतोय, आणि शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, पडली, सोळावी. मेडल संपलं तिथेच. दुसऱ्या दिवशी फ्री स्केटला उतरली आणि १४२.७१ मार्क, तोपर्यंतचे तिचे सगळ्यात जास्त. म्युझिक थांबलं आणि ती वर बघून रडायला लागली, मग डोळे पुसत वाकून नमस्कार केला. टोटलमध्ये सहावी. मेडल नाहीच, पण स्केटिंगवाल्यांना विचारा, ते चार मिनिटं कोणी विसरलेलं नाही. अमेरिकेच्या नेथन चेनचं पण असंच, २०१८ ला शॉर्टनंतर सतरावा, फ्रीमध्ये पहिला, टोटलमध्ये पाचवा, आणि २०२२ ला गोल्ड.

घरात दुःखद घटना झालीये आणि पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. उतरवायचं का?

हे मुलानेच ठरवायचं, कोचने नाही, तुम्ही नाही, आणि "ते असते तर त्यांना आवडलं असतं" हे वाक्य वापरून ढकलू तर नकाच.

कॅनडाची फिगर स्केटर जोआनी रोशेत, २०१० व्हँकुव्हर, स्पर्धेच्या दोन दिवस आधी तिची आई हार्ट अटॅकने गेली, ती उतरली आणि ब्राँझ घेऊन आली. अमेरिकेचा बर्फावरचा स्पीड स्केटर डॅन जॅन्सन, १९८८ कॅलगरी, रेसच्याच दिवशी सकाळी बहीण जेन ल्युकेमियाने गेली, तो उतरला आणि पहिल्याच वळणावर पडला, चार दिवसांनी १००० मीटरला परत पडला. दोघंही बरोबर. उतरल्याने काय होईल ते आधी कोणालाच कळत नाही.

जॅन्सनचं पुढचं पण सांगते कारण मला ते फार जवळचं आहे. १९९२ ला ५०० मध्ये चौथा. १९९४ लिलेहॅमर, ५०० मध्ये घसरला, आठवा. उरली एकच रेस, १००० मीटर, जी त्याची मुख्य रेस पण नव्हती. १:१२.४३, वर्ल्ड रेकॉर्ड, गोल्ड. आणि मग त्याने आपल्या तान्ह्या मुलीला उचलून घेतलं आणि तिला घेऊन बर्फावर फेरी मारली. मुलीचं नाव जेन.

खरं सांगू? मुलापेक्षा मलाच जास्त त्रास होतो.

खरं बोललात, बरं वाटलं. फार थोडे पालक कबूल करतात. स्केट्स, चाकं, प्रवास, कोचिंग, ऑफिसमधली सुट्टी, सगळं आपल्या डोळ्यासमोर असतं. आणि आपल्याकडे मेडलला पुढे दहावी-बारावीचे ग्रेस मार्क, सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण असं सगळं चिकटलेलं आहे, म्हणजे मेडल गेलं की आपल्याला सर्टिफिकेट गेल्याचं दिसतं. मुलाला ते दिसत नाही, त्याला शेवटचा टर्न दिसत असतो. ही दोन वेगळी दुःखं आहेत, आपलं त्याच्या डोक्यावर ठेवू नका. मी माझं माझ्या बहिणीला फोन करून सांगते, रिंकपासून लांब जाऊन.

सोडून देते म्हणतेय.

महिनाभर काही ठरवू नका. स्केट्स पुसून, चाकं सुकवून ठेवा, विकायला काढू नका. महिन्यानंतर पण नको म्हणाली तर नको, मुलांनी खेळ सोडणं हा गुन्हा नाही. आणि गेलीच परत, तर त्या हांगझोऊच्या ब्राँझवाल्या टीमकडे बघा. त्यातला चेन्नईचा आनंदकुमार, २०२५ च्या ऑगस्टमध्ये चेंगदूच्या वर्ल्ड गेम्समध्ये १००० मीटरला ब्राँझ, आणि पुढच्याच महिन्यात वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्याच १००० मीटरचं गोल्ड, १:२४.९२४. स्पीड स्केटिंगमधला भारताचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन. तेव्हा आमच्या रिंकवरची पोरं आठवडाभर त्याचाच व्हिडिओ लावून बसली होती.

हरलेल्या रेसचा व्हिडिओ कधी दाखवायचा?

मागेल तेव्हा. घरी जाताना गाडीत तर अजिबात नाही.

आदल्या रात्री मेडलबद्दल बोलायचं की नाही?

आम्ही आपणहून काढत नाही. बेअरिंग धुतो, लेस बघतो, नंबर पिनने लावून ठेवतो, वरणभात खाऊन लवकर झोपतो. पण तिने विषय काढला तर टाळत पण नाही. गेल्या वर्षी नॅशनलच्या आदल्या रात्री लॉजच्या खोलीत दिवा बंद केल्यावर तिने विचारलं, "आई, हरले तर?" मी म्हटलं, "तर बाहेर ये, मी गेटपाशीच आहे." आता दर वेळी तेच ठरलंय. सगळे पालक वर स्टँडमध्ये जातात, तिथून रेस मस्त दिसते. मी गेटपाशी थांबते. तिथून शेवटचा टर्न दिसत नाही.